जवळची दृष्टी : चष्मा की भिंग?

मराठीत ‘चाळिशी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ वयाचा, दुसरा त्या वयात नाकावर येणाऱ्या चष्म्याचा. वर्तमानपत्र हळूहळू डोळ्यांपासून दूर जाऊ लागते, सुईत दोरा ओवताना नातवंडांना हाक मारावी लागते, औषधाच्या बाटलीवरील बारीक मजकूर वाचता येईनासा होतो. अशा वेळी कोणी तयार चष्मा विकत घेतो, कोणी घरात पडून असलेले भिंग उचलतो. ही दोन्ही साधने एकाच कामाची आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. चष्मा अक्षर स्पष्ट करतो. भिंग अक्षर मोठे करते. आपल्या डोळ्याला यांतील कशाची उणीव आहे, हे ओळखणे हाच या प्रकरणाचा विषय आहे.

चाळिशी का लागते?

डोळ्याच्या आत एक लवचीक नेत्रभिंग असते. दूर पाहताना ते चपटे राहते. जवळ पाहताना भोवतालच्या स्नायूच्या क्रियेमुळे अधिक फुगीर होते. त्यामुळे जवळच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडते. वयाबरोबर हे भिंग कठीण होत जाते आणि फुगण्याची त्याची शक्ती घटते. ही घट बालपणापासूनच चालू असते. चाळिशीच्या सुमारास ती वाचनाच्या आड येते, एवढेच. म्हणून चाळिशी हा रोग नव्हे. केस पिकण्याइतकीच ती स्वाभाविक आहे आणि ती कोणालाही चुकत नाही. ज्याला दूरचे अंधूक दिसते, तो दूरचा चष्मा काढून वाचू शकतो, म्हणून त्याला चाळिशी लागलेली नाही असे वाटते. वस्तुतः त्याच्या डोळ्याच्या मूळ दोषाने ती झाकलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या दृष्टिविषयक अहवालानुसार चाळिशीवर उपाय न झाल्यामुळे जवळचे नीट न दिसणाऱ्या माणसांची संख्या किमान ८२ कोटी ६० लक्ष होती. हा प्रश्न केवळ वाचनाचा नाही. आसाममधील चहाच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या, चाळीस वर्षांवरील मजुरांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला गेला, त्यांच्या कामात इतरांच्या तुलनेने सुमारे २२ टक्के वाढ आढळली. मोगऱ्याचे गजरे ओवणारी स्त्री, शिंपी, घड्याळजी, तांदूळ निवडणारी गृहिणी या सर्वांची उपजीविका किंवा दिनचर्या हातभर अंतरावरील दृष्टीवर अवलंबून असते.

चष्म्याचे काम

वाचनाच्या चष्म्यातील बहिर्गोल काच नेत्रभिंगाची कमी पडलेली शक्ती भरून काढते. ही शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. व्यवहारात तिलाच ‘नंबर’ म्हणतात. हिशेब सोपा आहे. एक मीटरला नंबराने भागले की काच किती अंतरावर स्पष्ट दाखवील ते कळते. २ नंबरची काच ५० सेंटिमीटरवर, २.५ नंबरची ४० सेंटिमीटरवर आणि ३ नंबरची सुमारे ३३ सेंटिमीटरवर. पंचेचाळिशीच्या आत डोळ्यात बरीच शक्ती शिल्लक असते, म्हणून बहुधा १ नंबराने भागते. साठीनंतर साधारणपणे २.५ पर्यंत जावे लागते. चष्म्यामुळे डोळ्यांना ‘सवय लागते’ आणि म्हणून नंबर वाढतो, ही समजूत निराधार आहे. चष्मा न वापरणाऱ्याचेही नेत्रभिंग त्याच गतीने कठीण होते.

नंबर ठरविताना कामाचे अंतर विचारात घेतले पाहिजे. पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरले जाते, संगणकाचा पडदा ६० सेंटिमीटरवर असतो आणि पेटीवादकाची स्वरलिपी त्याहूनही दूर असते. एकच नंबर या सर्वांना पुरत नाही.

पदपथावर किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्या नंबराच्या असतात. ज्याला दोन्ही डोळ्यांनी दूरचे चष्म्याविना स्वच्छ दिसते, त्याला असा चष्मा चालू शकतो. दोन डोळ्यांचे नंबर भिन्न असतील, किंवा उभ्या-आडव्या रेषा सारख्या स्पष्ट दिसत नसतील, तर मात्र तो डोकेदुखी देईल. त्याचा खरा तोटा वेगळाच आहे : तो घेणाऱ्याचे डोळे कोणी तपासत नाही.

भिंगाचे काम

दृष्टिपटल किंवा त्याच्या मध्यभागी असलेला पीतबिंदू क्षीण झाला असेल, तर प्रतिमा कितीही रेखीव पडली तरी ती टिपणारा पडदाच दुबळा असतो. अशा डोळ्याला स्पष्ट अक्षर पुरत नाही. मोठे अक्षर लागते. वस्तू अर्ध्या अंतरावर आणली की तिची प्रतिमा दुप्पट होते. पण वयस्क डोळा इतक्या जवळचे स्पष्ट पाहू शकत नाही. भिंग ही अडचण दूर करते. ‘दुप्पट’ म्हणून विकले जाणारे भिंग साधारणपणे ८ डायॉप्टरचे असते आणि कागदापासून सुमारे साडेबारा सेंटिमीटरवर धरावे लागते.

किती मोठे करावे लागेल, याचाही हिशेब आहे. जवळची दृष्टी तपासण्याच्या तक्त्यावर परिच्छेदांना ‘एन’ क्रमांक दिलेले असतात. ते छपाईच्या टाइपाचा आकार दर्शवितात. ४० सेंटिमीटरवर एन ६ वाचता येणे ही पुरेशी दृष्टी मानली जाते. समजा, योग्य चष्मा लावूनही एखाद्याला एन १८ च्या खालचे वाचता येत नाही. म्हणजे त्याला तिप्पट आकार हवा. २.५ ची तिप्पट साडेसात. तेव्हा त्याला सुमारे ७.५ डायॉप्टरची मदत लागेल आणि पुस्तक १३ सेंटिमीटरवर धरावे लागेल. ही मदत जाड काचेच्या चष्म्यानेही देता येते. सलग वाचनासाठी मात्र याहून थोडी अधिक वाढ लागते, कारण कसेबसे ओळखता येणारे अक्षर वेगाने वाचता येत नाही.

घरच्या घरी प्राथमिक पारख

पुढील पारख चांगल्या उजेडात, दूरचा चष्मा असल्यास तो लावून आणि एकेक डोळा झाकून करावी.

१. वर्तमानपत्र ४० सेंटिमीटरवर धरावे. अस्पष्ट वाटल्यास हळूहळू दूर न्यावे. दूर नेल्यावर अक्षर सुधारत असेल, तर बहुधा चाळिशीच आहे.

२. जाड कागदाला सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून वाचावे. अक्षर स्वच्छ झाले, तर दोष प्रतिमा नेमकी न पडण्याचा आहे आणि चष्मा उपयोगी पडेल. सुधारणा झाली नाही, तर दोष अन्यत्र असण्याचा संभव आहे.

३. कोणत्याही अंतरावर अक्षर स्पष्ट होत नसेल, ओळी वाकड्या दिसत असतील किंवा शब्दाचे मधले अक्षर नाहीसे होत असेल, तर चष्म्याच्या वा भिंगाच्या दुकानात न जाता विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

४. साठीनंतर एखाद्याला अकस्मात चष्म्याविना वाचता येऊ लागते. घरात त्याचे कौतुक होते; पण अनेकदा ते वाढत्या मोतीबिंदूचे लक्षण असते. मधुमेह्याच्या रक्तातील साखरेच्या चढउतारानेही नंबर बदलतो.

ही पारख दिशा दाखविते. तपासणीची जागा घेत नाही. कारण काचबिंदूसारखा रोग या चारही कसोट्यांतून निसटतो.

चेन्नईचा अनुभव

या दृष्टीने चेन्नई शहराचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील एग्मोरचे सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ साली ‘मद्रास आय इन्फर्मरी’ म्हणून सुरू झाले. ते जगातील अत्यंत जुन्या नेत्ररुग्णालयांपैकी एक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथेच रॉबर्ट हेन्री एलियट यांनी काचबिंदूवरील आपली शस्त्रक्रिया विकसित केली. १९७८ साली डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांच्या पुढाकाराने ‘शंकर नेत्रालय’ स्थापन झाले आणि १९८५ साली त्याच्याशी संलग्न असे दृष्टिमापनाचे महाविद्यालय सुरू झाले. नेत्रालयाने केलेल्या काचबिंदूच्या पाहणीत ग्रामीण भागातील बहुतेक रोग्यांना आपल्या रोगाची कल्पनाच नव्हती, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. काचबिंदू वाचनाला दीर्घकाळ धक्का लावत नाही. तो कडेची दृष्टी आधी खातो. जवळचा नंबर काढून घेण्यासाठी आलेल्या माणसाच्या डोळ्यातील दाब आणि दृष्टिपटल तपासले, तर असा चोर वेळीच सापडू शकतो. चाळिशीचे हे एक मोठे उपकारक अंग म्हटले पाहिजे : निरोगी वाटणाऱ्या माणसालाही ती नेत्रतज्ज्ञाच्या दारी आणते.

त्याच संस्थेत अल्पदृष्टीच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभागही आहे. शस्त्रक्रियेने किंवा साध्या चष्म्याने ज्यांची दृष्टी सुधारत नाही, त्यांना कोणते भिंग हवे ते अशा विभागात ठरविले जाते आणि ते वापरण्याचा सरावही करून घेतला जातो. चांगले भिंग पेटीत पडून राहते ते पुष्कळदा या सरावाअभावीच.

भिंग वापरताना

हातात धरण्याचे भिंग प्रथम कागदावर ठेवून हळूहळू वर उचलावे. अक्षर सर्वांत मोठे आणि स्वच्छ दिसेल तेथे थांबावे. या स्थितीत वाचनाचा नव्हे, तर दूरचा चष्मा उपयोगी पडतो. हात कापत असल्यास पाय असलेले, कागदावर टेकणारे भिंग घ्यावे. त्यासोबत मात्र वाचनाचा चष्मा लागतो. भिंग डोळ्याजवळ नेले की एका वेळी अधिक अक्षरे दिसतात. भिंगाची शक्ती जितकी जास्त, तितके त्याचे क्षेत्र लहान. म्हणून गरजेपेक्षा अधिक शक्तीचे भिंग घेऊ नये.

उजेडाची बाब तर दोन्ही साधनांना समान आहे. वय वाढते तसा दृष्टिपटलापर्यंत कमी प्रकाश पोचतो. लहान दिवा अर्ध्या अंतरावर आणला, तर पानावरील प्रकाश सुमारे चौपट होतो. दिवा बाजूने, खांद्याच्या उंचीच्या आसपास असावा आणि त्याचा झोत डोळ्यांत येऊ नये.

सारांश, ज्याला दूर धरलेले अक्षर वाचता येते त्याला चष्मा हवा. योग्य चष्म्यानेही ज्याला वाचता येत नाही त्याला भिंग हवे. मात्र भिंग हातात घेण्यापूर्वी चष्मा का पुरत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याने नेत्रतज्ज्ञाकडून मिळवलेले असले पाहिजे. बारीक अक्षर भिंगाने मोठे होईल. त्याच्या मागे दडलेला रोग भिंगातून दिसणार नाही.