वातरक्त आणि ताक

मला वातरक्ताचा, म्हणजे ज्यास हल्ली गाउट म्हणतात त्याचा, विकार जडल्याचे निदान झाले त्याच दिवशी आमच्या घरात दह्याताकावर बंदीचा हुकूम सुटला. कारण रक्तात आम्ल वाढले असता आंबट खाऊ नये, असा वडीलधाऱ्या मंडळींचा ठाम समज होता. वस्तुतः दही आंबते ते लॅक्टिक आम्लाने, आणि सांध्यात सुईसारखे स्फटिक होऊन रुतते ते प्युरीनच्या विघटनातून उपजलेले यूरिक आम्ल. दोहोंत केवळ नामसादृश्य आहे. उलट, सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षे पाहणी करून अमेरिकन संशोधकांनी २००४ साली असे दाखविले की, कमी स्निग्धांशाचे दूधदुभते अधिक घेणाऱ्यांत हा विकार कमी उद्भवतो. डॉक्टरांनी हे समजावल्यावर बंदी उठली.

अनर्थ झाला तो त्यानंतर. माझे मेहुणे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले आणि छापील अक्षरावर अतोनात भिस्त ठेवणारे, याच व्याधीचे जुने रोगी. जपानात प्युरीन खाणाऱ्या लॅक्टोबॅसिलस गॅसेरी या जिवाणूच्या एका विशिष्ट वाणाचे दही विकले जाते, ही वार्ता त्यांनी वाचली. वार्ता खरीच होती. शिवाय शरीरातील सुमारे एकतृतीयांश यूरिक आम्लाचा निचरा आतड्यावाटे होतो आणि तेथील जिवाणू ते फोडतात, हेही खरे. परंतु घरच्या विरजणात तोच वाण व तेच सामर्थ्य असणार असे गृहीत धरून त्यांनी यूरिक आम्ल घटविणारी अॅलोप्युरिनॉलची नित्याची गोळी परस्पर बंद केली आणि दोन्ही वेळा तांब्याभर ताक आरंभिले. काही महिने सुखाचे गेले, कारण यूरिक आम्लाची थकबाकी साचत असताना दुखत नाही. ऐन गणपतीत मात्र गुडघा असा सुजला की आरतीस उभे राहवेना.

यूरिक आम्ल दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की त्याचे स्फटिक होऊ शकतात, म्हणून ते ६ च्या खाली राखावयाचे असते. आणि त्या कामी औषधाची जागा घेईल असा पुरावा कोणत्याही दह्याच्या नावे जमा नाही. तरी लोणी काढलेले, बेताच्या मिठाचे ताक जेवणात खुशाल असावे. कढी उकळली की त्यातील जिवाणू मरतात, आणि पीयूष, श्रीखंड वा गोड लस्सी यांतील साखरेने यूरिक आम्ल वाढण्यास हातभारच लागतो. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी ताकाचेही प्रमाण डॉक्टरांस विचारावे, आणि गोळी सोडण्याचा विचार मनात येईल त्या दिवशी प्रथम रक्त तपासून तो अहवाल त्यांच्यापुढे ठेवावा, एवढी विनंती आहे.