उजवा गाल आधी म्हातारा का झाला?

प्रश्न : माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं नोकरी करून ते निवृत्त झाले. त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त सुरकुतलेली आहे. उजव्या हाताची कातडीही जाड आणि काळपट दिसते. आई म्हणते, वय झालं आता. पण वय दोन्ही गालांचं सारखंच ना? शिवाय त्वचेखालच्या ‘म्हाताऱ्या पेशीं’मुळे त्वचा म्हातारी होते, असं हल्ली कानावर येतं. या पेशी म्हणजे काय? त्या काढून टाकता येतात का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ‘वय दोन्ही गालांचं सारखंच ना?’ या तुमच्या एका वाक्यात या विषयाचं मर्म आलं आहे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे खिडकीचं ऊन त्याच्या उजव्या गालावर आणि खिडकीत टेकवलेल्या उजव्या कोपरावर पडतं. अमेरिकेत तो डावीकडे बसतो. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तिथल्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापलं होतं. माणूस ६९ वर्षांचा, २८ वर्षं ट्रक चालवलेला. त्याचा उजवा गाल वयाला शोभेल असा होता, तर डावा खोल सुरकुत्यांनी भरून लोंबू लागलेला. तुमच्या वडिलांचा चेहरा म्हणजे त्याच छायाचित्राचं आरशातलं रूप.

हाच फरक पाहायला घरातल्या आजीचा हात पुरेसा आहे. ब्लाउजची बाही जिथे संपते तिथे एक रेघ दिसते. रेघेच्या वरची कातडी मऊ, उजळ आणि बारीक चुणीची असते. खालची मात्र राठ असते, तिच्यावर डाग असतात आणि चिमटीत धरून सोडली की ती सावकाश जागेवर जाते. दोन्हींचं वय एकच आहे. वरच्या कातडीत नुसतं वय दिसतं, खालच्या कातडीत वय आणि ऊन दोन्ही दिसतात.

आता त्या कातडीच्या आत जाऊ. वरचा पातळ थर म्हणजे बाह्यत्वचा. सुरकुतीचं मूळ त्याच्या खालच्या अंतस्त्वचेत असतं. ही संयोजी ऊती आहे, म्हणजे शरीराला जोडून आणि बांधून ठेवणारी ऊती. तिच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या दोरखंडांचा असतो. त्यात ताणून परत जागेवर येणारे इलॅस्टिनचे थोडे धागे असतात. हे सगळं विणणारी पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. बाज विणणारा माणूस दोऱ्या घालतो, सैल पडली की ओढून घेतो, कुजलेली काढून नवी भरतो. फायब्रोब्लास्ट हेच काम करते आणि तेही अगदी संथपणे. त्वचेतल्या कोलॅजेनचं अर्धआयुष्य सुमारे १५ वर्षं मोजलं गेलं आहे. म्हणून तिशीत झालेली नासधूस पन्नाशीतही अंगावर राहते.

ही विणकर पेशी म्हातारी होते, हे कळायलाच मोठा काळ गेला. न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल या नोबेलविजेत्या शल्यविशारदाने १९१२ साली कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्याच्या पेशी ३४ वर्षं वाढत ठेवल्याचं सांगितलं गेलं आणि पेशी शरीराबाहेर अमर असतात, हे जणू शास्त्रवचन झालं. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक या तरुण संशोधकाच्या पेशी मात्र काही केल्या ऐकेनात. मानवी गर्भाच्या ऊतीतून घेतलेल्या फायब्रोब्लास्ट साधारण पन्नासदा दुप्पट व्हायच्या आणि थांबायच्या. दोष हाताचा, की पोषकद्रवाचा?

हे ठरवण्यासाठी त्याने आणि पॉल मूरहेडने एक देखणा प्रयोग केला. पुरुषाच्या पुष्कळदा विभागलेल्या पेशी आणि स्त्रीच्या थोड्याच वेळा विभागलेल्या पेशी त्यांनी एकाच बाटलीत वाढवल्या. द्रव तोच, हात तेच, बाटलीही तीच. काही काळाने गुणसूत्रं तपासली, तर बाटलीत फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. म्हणजे विभाजनांची मोजदाद बाहेर कुठे नव्हती, पेशीच्या आतच होती. एका नामांकित नियतकालिकाने हा निबंध नाकारला. १९६१ साली तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला. आज ‘हेफ्लिक मर्यादा’ पाठ्यपुस्तकात आहे.

ही मोजदाद गुणसूत्रांच्या टोकांवरच्या टेलोमिअरमध्ये असते. प्रत्येक विभाजनात ती टोकं थोडी झिजतात आणि फार आखूड झाली की पेशी विभाजन कायमचं बंद करते. पण टोकं झिजण्याची वाट न पाहताही पेशी तिथे पोहोचू शकते. ऊन, तंबाखूचा धूर किंवा किरणोत्सर्ग यांनी डीएनएला जबर इजा झाली की पी-५३ आणि पी-१६ ही प्रथिनं ब्रेक दाबतात. अशा थांबलेल्या पेशीला जराग्रस्त पेशी म्हणतात. ज्युडिथ कँपिसी यांच्या गटाने १९९५ साली अशा पेशी निळ्या रंगवून ओळखण्याची पद्धत काढली आणि माणसाच्या त्वचेत वयाबरोबर त्या वाढताना दाखवल्या. म्हाताऱ्या बबून माकडांच्या अंतस्त्वचेत टेलोमिअर बिघडलेल्या फायब्रोब्लास्ट १५ टक्क्यांहून अधिक भरल्या, असं २००६ सालच्या एका अभ्यासात दिसलं.

मग उरलेल्या ८५ टक्के पेशी धडधाकट असताना त्वचा ढासळते कशी? मला हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. जराग्रस्त पेशी मरत नाही आणि गप्पही बसत नाही. ती फुगून पसरट होते आणि सतत काही ना काही बाहेर सोडत राहते. त्यात दाह पेटवणारे रेणू असतात, तसंच कोलॅजेन कापणारी एन्झाइमंही असतात. आंब्याच्या आढीत एक नासका आंबा राहिला की तो भोवतालचे नासवतो, म्हणून आपण आढी रोज चाळतो. त्वचेतही हेच होतं. या स्रावांमुळे शेजारची चांगली पेशीसुद्धा जराग्रस्त होऊ शकते, हे प्रयोगांत दिसलं आहे.

याला आणखी एक जोड मिळते. फायब्रोब्लास्ट दोरखंडांना धरून ताणलेली असते आणि त्या ताणामुळेच तिला नवं कोलॅजेन विणण्याचा हुकूम मिळतो. दोरखंड तुकडे होऊन सैल पडले की धरायला काही उरत नाही. मग ती आक्रसते, कमी विणते आणि कापणारी एन्झाइमं जास्त बनवते. त्याने उरलेले दोरखंडही तुटतात. मिशिगन विद्यापीठातल्या गॅरी फिशर आणि जॉन व्हूऱ्हीस यांनी ही साखळी वर्षानुवर्षं खपून उलगडली. त्यांनीच १९९६ साली दाखवलं, की त्वचा लाल होण्याइतकंही ऊन लागत नाही. त्याहून कमी अतिनील किरणांनीसुद्धा ही एन्झाइमं काही तासांत वाढतात.

आता तुमच्या वडिलांची खिडकी. अतिनील किरणांचा ‘बी’ पट्टा बहुतेक वरच्या थरातच अडतो आणि साध्या काचेतूनही फारसा येत नाही. ‘ए’ पट्टा काचेतून येतो आणि थेट अंतस्त्वचेत, फायब्रोब्लास्टपर्यंत पोहोचतो. एस.टी.ची खिडकी तर उकाड्यात उघडीच असते, म्हणजे दोन्ही पट्टे आत. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग आणि काळवंडणं आधी येतं. वडिलांचा काळपट हात त्यातलाच. वय झालं हे आईंचं म्हणणं खोटं नाही, पण उजव्या बाजूला जे जास्तीचं दिसतं ते नोकरीने दिलेलं आहे.

या जराग्रस्त पेशी शरीर ठेवून तरी का घेतं? कारण बिघडलेल्या डीएनएची पेशी विभागत राहिली तर कर्करोग होऊ शकतो आणि हा ब्रेक त्यापासून वाचवतो. शिवाय जखम झाली की काही पेशी थोड्या काळापुरत्या जराग्रस्त होतात आणि त्यांचे स्राव जखम भरायला मदत करतात. उंदरांमधून अशा पेशी काढून टाकल्या तेव्हा जखमा उशिरा भरल्या, हे २०१४ साली दिसलं. तरुणपणी काम झालं की रोगप्रतिकारक पेशी त्यांना उचलून नेतात. उतारवयात ही सफाई मंदावते आणि त्या साचतात.

म्हणून ‘काढून टाकता येतात का?’ याचं आजचं उत्तर असं : प्रयोगशाळेत येतात, दवाखान्यात अजून नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डासाटिनिब हे रक्ताच्या कर्करोगाचं औषध आणि क्वेर्सेटिन हे वनस्पतीजन्य द्रव्य यांची जोडी अशा पेशी मारते, असं दाखवलं. २०१९ मध्ये मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या नऊ रुग्णांना ती तीन दिवस दिली, तेव्हा त्यांच्या चरबीतल्या आणि त्वचेतल्या जराग्रस्त पेशी घटल्या. आशा वाटावी अशीच ही गोष्ट आहे, पण नऊ माणसं म्हणजे फार थोडी. डासाटिनिबने रक्तातल्या प्लेटलेट घटतात, फुप्फुसांभोवती पाणी होऊ शकतं. सुरकुतीसाठी ते कुणीही घेऊ नये. क्वेर्सेटिन कांद्यात असतं, पण प्रयोगातलं प्रमाण जेवणातल्या कांद्याने गाठता येत नाही. आणि ‘म्हाताऱ्या पेशी मारणारं’ म्हणून कुणी महागडं क्रीम गळ्यात मारत असेल, तर ते पैसे वाचवा.

वडिलांच्या हातावर बरी न होणारी जखम, रक्त येणारी गाठ किंवा रंग-आकार बदलणारा डाग असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरजेप्रमाणे ट्रेटिनॉइनचं मलम देतात. उन्हाने बिघडलेल्या त्वचेत नवं कोलॅजेन तयार करवणारं हे बऱ्यापैकी सिद्ध झालेलं औषध आहे. पण ते डॉक्टरांना विचारूनच लावायचं आणि गरोदरपणी लावायचं नाही. वडील विडी-सिगारेट ओढत असतील तर ती सुटायला हवी, कारण धुरानेही तीच कापणारी एन्झाइमं वाढतात.

आणि ऊन या वयातही टाळावं. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. ते सगळे पंचावन्नच्या आतले होते, त्यामुळे हा आकडा वडिलांना जसाच्या तसा लागू होईल असं नाही. सनस्क्रीन परवडत नसेल, तर तुमच्या बार्शीच्या शिवारात नजर टाका. खुरपायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. त्या शर्टाखालच्या फायब्रोब्लास्टपर्यंत ऊन फारसं पोहोचत नाही. आज स्टेअरिंगवर असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला माझी विनंती आहे, की खाकी शर्टाची उजवी बाही दुमडू नका, मनगटापर्यंत खाली सोडा.