ल्युपस, सांधेवात आणि बाळंतपण : एक अभ्यास

आपल्या राहनाळ परिसरातील कितीतरी भगिनी गोदामांत पॅकिंगच्या कामावर जातात, कोणी लूमच्या कारखान्यात कांड्या भरतात. त्यांच्यापैकी एखादीची सकाळी मूठ वळत नाही, गालांवर व नाकावर तांबूस चट्टा येतो, तो उन्हात वाढतो, केस गळतात, बारीक ताप अंगात राहतो. घरचे म्हणतात, वात आहे, अशक्तपणा आहे. बहुतेक वेळा तसेच असते. पण काही वेळा तो ल्युपस असतो. प्रस्तुत लेखात आम्ही या आजाराचा, आणि दिवस राहिल्यावर त्याचे काय होते याचा विचार करणार आहोत.

रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड यांना इजा करते, अशा आजारांच्या गटात ल्युपस येतो. स्क्लेरोडर्मा व शोग्रेनचा आजार हे त्याचेच भाऊबंद. ल्युपसच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि तो बहुधा मूल होण्याच्या वयातच गाठतो. म्हणून हा प्रश्न दवाखान्याइतकाच घरातलाही आहे.

पूर्वी अशा स्त्रीला डॉक्टरच सांगत, मूल नको. आज तसे सरसकट सांगत नाहीत. अमेरिका व कॅनडातील ३८५ गर्भवतींचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा ल्युपस शांत किंवा सौम्य होता. त्यांच्यापैकी १०० मागे ८१ जणींची गर्भावस्था मोठ्या विघ्नाशिवाय पार पडली. मात्र लघवीतून जास्त प्रथिन जाणाऱ्या स्त्रिया त्यात घेतलेल्याच नव्हत्या, हे विसरू नये. मूत्रपिंडाला सूज असताना किंवा आजार उसळलेला असताना दिवस राहिले तर रक्तदाब चढणे, बाळ खुरटणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, गर्भ दगावणे हे धोके पुष्कळ वाढतात. फुफ्फुसातील रक्तदाब वाढलेल्या स्त्रीच्या तर जिवावरच बेतू शकते. तिला आजही गर्भधारणा टाळण्याचाच सल्ला देतात. एरवी नियम असा की आजार निदान सहा महिने शांत असावा, आणि मगच, डॉक्टरांना विचारून, मूल होऊ द्यावे. तोपर्यंतच्या गर्भनिरोधकाचा सल्लाही त्यांच्याकडूनच घ्यावा, कारण नेहमीच्या गोळ्या अशा प्रत्येकीला चालत नाहीत.

सर्वांत मोठी चूक होते ती येथे. दिवस राहिल्याचे कळताच सासूबाई किंवा शेजारीण सांगते, "आता गोळ्या बंद कर, पोराला बाधतील." हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी गर्भारपणात व अंगावर पाजतानाही चालते, ती मनाने सोडली तर आजार उसळण्याचा धोका वाढतो. (२०२० च्या कोरोनात लोकांनी हीच गोळी भीतीपोटी साठवली, आणि ज्यांना ती रोज लागते त्यांना दुकानोदुकानी फिरावे लागले.) याउलट मेथोट्रेक्सेट व मायकोफेनोलेट ही औषधे गर्भाला खरोखर घातक आहेत. ती दिवस राहण्यापूर्वीच, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागतात. म्हणजे कोणती गोळी ठेवायची व कोणती सोडायची हे शेजारणीने ठरवण्याचे काम नव्हे.

पुन्हापुन्हा गर्भपात होणाऱ्या सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणणारे लोक अजून आहेत. काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये असतात की वारेतील रक्तप्रवाह बिघडतो आणि गर्भ टिकत नाही. डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या विकाराचे वर्णन केले. कमी मात्रेतील ॲस्पिरिन व हेपॅरिनची इंजेक्शने देऊन यांतील बहुतेकींचे मूल हाती लागते. याच प्रतिद्रव्यांमुळे गर्भवतीची व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची तपासणी खोटीच सदोष येऊ शकते. त्या एका कागदावरून बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले जातात, नवराबायकोत कायमचे वितुष्ट येते. अशा वेळी टीपीएचए ही दुसरी तपासणी करून घ्यावी. ती निर्दोष आली तर गुप्तरोगाचा संशय फिटतो, पण ल्युपसचा शोध मात्र घ्यावा.

आईच्या रक्तात 'रो' नावाची प्रतिद्रव्ये असल्यास १०० पैकी एखाद-दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. त्यासाठी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासूनची ही योजना आहे. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात रक्तदाब व लघवी तपासून घ्यावी, आणि आजाराचे नाव आधीच सांगावे. पुढच्या उपचारासाठी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून लोकलने जाता येते. एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हांला ठाऊक आहे.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते. तेव्हा तिची फाईल इकडेच कपाटात राहते, आणि तिकडच्या दवाखान्यात सूज व रक्तदाब पाहून गर्भारपणाचा त्रास की मूत्रपिंडाचा ल्युपस, हे कळत नाही. दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात. पातळाच्या घडीत आधी फाईल ठेवावी, आणि गोळ्यांची दोन महिन्यांची सोय करावी. बाळंत झाल्यावरच्या काही महिन्यांतही आजार उसळतो, तेव्हा बाळाच्या लसीला जाताना आईचीही लघवी तपासून घ्यावी.