बावीस निबंध आणि एक पाणसळ

ना हरकत, बिंदुनामावली, जाहिरात, कुलगुरूंचे प्रतिनिधी यात दोन वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही अनुदानित महाविद्यालयात ते सगळ्यांना पाठ आहे. भौतिकशास्त्राला सहायक प्राध्यापकाची एक जागा मिळाली आणि पॉलिमरवर प्रयोग करणारा माणूस घ्या, हा आग्रह माझा होता. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल गरम पाण्यात विरघळवायचं, पेट्री डिशमध्ये ओतायचं, वाळू द्यायचं, की फिल्म तयार. आमच्यासारख्या गरीब प्रयोगशाळेला परवडणारा विषय.

मुलाखतीला आलेल्या एका उमेदवाराचे 22 शोधनिबंध होते. तज्ज्ञांनी ग्लास ट्रान्झिशन विचारलं, त्याने पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. फिल्म स्वतः कशी करता, असं मी विचारणार तोच अध्यक्ष म्हणाले, "सर, अजून पाच जण आहेत, जेवण गार होतंय." मी गप्प बसलो. तेवढी चूक माझी. नंतर विभागात "तुमचाच माणूस" म्हणून जे ऐकवलं गेलं, ते मात्र मी मान्य करणार नाही.

निवड त्याचीच झाली. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याने ओतलेली फिल्म एका कडेला जाड, दुसरीकडे पापुद्र्यासारखी. पठ्ठ्याने स्क्रू गेज एकाच जागी लावला आणि तीच जाडी धरून डायइलेक्ट्रिक स्थिरांक काढला! आमचे प्रयोगशाळेतले मामा काही न बोलता बाहेर गेले, शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ घेऊन आले आणि टेबलावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. यावर साहेबांचं उत्तर : "आमच्याकडे सॅम्पल टेक्निशियन करायचा." आणि मोबाइल बघायला लागले. शिकायची तयारी असती तर मीच चार दिवस शेजारी उभा राहिलो असतो. मामांकडे त्याने मान वर करूनही पाहिलं नाही, ते अजून डोक्यातून जात नाही.

आठ महिन्यांनी राजीनामा.

मुलाखतीला बसणार असाल तर विचारा, यातला कोणता नमुना तुम्ही स्वतः केलात? फसलेला एखादा सांगा. प्रयोगाची वही आणायला लावा. आलेख सगळ्यांकडे असतात, खाडाखोड ज्याने काम केलं त्याच्याकडेच सापडते. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी निबंधांना 100 पैकी 6च गुण आहेत, तेही छाननीपुरते. निवड मुलाखतीवर होते आणि तिथे वर्गात पाठ घ्यायला लावायची मुभा आहे. मग घेत का नाही आपण? आपल्याकडे ग्लास ट्रान्झिशन मोजायचं डीएससी यंत्र नाही, नमुने घेऊन पुण्याला जावं लागेल, हेही आधीच सांगून टाका. बाकी मार्गदर्शकांना फोन करा, घाई करू नका, हे नेहमीचं आहेच.

फाईल पुन्हा ना हरकतीपासून सुरू झाली आहे. सध्या तासिका तत्त्वावर एक मुलगी शिकवते. पहिल्याच दिवशी तिने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला.