रताळ्याचें भरीत

रताळें म्हटलें कीं आपल्याकडे एकादशी किंवा महाशिवरात्र आठवते. उपवासाच्या बाजारासाठीं शेतकरी मोठीं, सरळ व अखंड रताळीं निवडून विक्रीस पाठवितो. मागें राहतात तीं बारीक, वांकडीं अगर खणतांना कुदळ लागलेलीं. या मालास भाव येत नाहीं, म्हणून तो पडवीच्या कोपऱ्यांत पडून राहतो आणि आठपंधरा दिवसांनीं कुजूं लागला म्हणजे गुरांपुढें टाकला जातो. यांत दुहेरी नुकसान आहे. घरच्या ताटांत यावयाचें चांगलें अन्न वायां जातें हें एक, आणि कुजक्या रताळ्यांपासून गुरांस प्रत्यक्ष अपाय होतो हें दुसरें. मालाची वेळींच निवड करून रोजच्या जेवणांत त्याचें भरीत करणें हा यावर सोपा उपाय होय.

मालाची निवड

वेलाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं म्हणजे एक रताळें काढून मधोमध चिरावें. कापावरील चीक वाळून जागा स्वच्छ राहिली तर पीक तयार झालें असें समजावें; ती काळपट हिरवी पडली तर आणखी कांहीं दिवस थांबावें. काढणीनंतर मालाचे तीन भाग करावे.

पहिला भाग साल न दुखावलेल्या रताळ्यांचा. हीं न धुतां सावलींत, उबदार व किंचित् दमट जागीं चार ते सात दिवस ठेवावीं, म्हणजे बारीक ओरखडे भरून येतात व माल टिकतो. फ्रीजमध्यें मात्र कच्चीं रताळीं ठेवूं नयेत. सुमारें १२ अंश सेंटिग्रेडच्या खालीं तीं फार दिवस राहिलीं तर गर आंतून कठीण होतो व शिजवूनही मऊ पडत नाहीं.

दुसरा भाग कुदळ लागलेल्या रताळ्यांचा. हीं टिकावयाचीं नाहींत. जखमेचा भाग कापून टाकून दोनतीन दिवसांत स्वयंपाकांत संपवावीं. भरितासाठीं हींच आधीं घ्यावीं.

तिसरा भाग भुंग्याच्या अळीनें पोखरलेल्या व बुरशी आलेल्या रताळ्यांचा. याविषयीं हयगय करूं नये. कीड अगर बुरशी लागली म्हणजे रताळें स्वसंरक्षणार्थ कडू द्रव्यें तयार करितें, आणि कांहीं बुरशींच्या योगानें गुरांच्या फुप्फुसांस घातक असें विष त्यांत उत्पन्न होतें. असा माल खाऊन गुरें धापा टाकूं लागतात व दगावतातही. शिजविल्यानें हा दोष जाईल असें समजूं नये. हा माल चुलीवर चढवूं नये, गोठ्यांतही टाकूं नये. खोल खड्ड्यांत पुरून टाकावा.

भाजणें व उकडणें

रताळ्यांतील पिष्टद्रव्याची शिजतांना साखर बनते. गर साधारण ६० ते ७५ अंशांपर्यंत तापलेला असतां हें काम जोरांत चालतें. उष्णता याहून बरीच वाढली म्हणजे तें थांबतें. म्हणून जें रताळें सावकाश तापतें तें अधिक गोड लागतें. चुलींतील जाळ ओढून घेतल्यावर मध्यम आकाराचीं रताळीं सालीसकट गरम राखेंत पुरावीं व वर थोडे निखारे पसरावे. पाऊण तासांत तीं मऊ होतात. सुरी आरपार सहज गेली म्हणजे काढावीं.

चूल नसेल तेथें कुकरमध्यें थोडें पाणी घालून, रताळीं सालीसकट व पाण्यास न लागतील अशीं जाळीवर ठेवून वाफवावीं. मध्यम रताळ्यांस दोनतीन शिट्ट्या पुरतात. सोलून, फोडी करून भरपूर पाण्यांत उकडण्याची चाल चांगली नव्हे. गोडी पाण्यांत उतरते व भरीत पचपचीत होतें.

जिन्नस

पांचसहा माणसांस तोंडीं लावण्यापुरतें भरीत करण्यास अर्धा किलो रताळीं, एक वाटी घट्ट व फार आंबट नसलेलें दहीं, दोन मोठे चमचे भाजलेल्या दाण्यांचें कूट, दोन हिरव्या मिरच्या, थोडी कोथिंबीर, दोन लहान चमचे तूप, अर्धा चमचा जिरें व चवीप्रमाणें मीठ घ्यावें.

कृति

रताळीं कोमट असतांनाच सोलावीं. गार झालीं म्हणजे साल चिकटून बसते. गर परातींत घेऊन हातानें अगर डावानें कुसकरावा व हातास लागतील ते दोरे काढून टाकावे. मिक्सरमध्यें घालूं नये, गर चिकट होतो. नंतर मीठ व कूट मिसळून गर पुरता गार होऊं द्यावा. त्यानंतरच घोटलेलें दहीं घालावें. गरम गरांत दहीं घातल्यास तें फाटून भरितास पाणी सुटतें. शेवटीं तूप तापवून त्यांत जिरें तडतडवावें, मिरचीचे तुकडे परतावे व ही फोडणी वरून ओतून कोथिंबीर पेरावी. उपवास नसेल त्या दिवशीं मोहरी, हिंग व कढीलिंबही चालतो. दहीं वर्ज्य असल्यास लिंबू पिळावें.

हें भरीत ताटांत डाव्या बाजूस, कोशिंबिरीच्या जागीं वाढावें. भाकरीबरोबर तें विशेष रुचतें.

आहाराच्या दृष्टीनें

रताळ्यांत पिष्टद्रव्य पुष्कळ, पण प्रथिनें थोडीं. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यांत तीं दीड ग्रॅमच्या आसपास असतात. दहीं व दाण्यांचें कूट ही उणीव बरीच भरून काढतात, म्हणून तीं केवळ चवीसाठीं आहेत असें मानूं नये. मधुमेह असणारांनीं हें भरीत बेतानेंच खावें, व तें भाजलेल्यापेक्षां उकडलेल्या रताळ्यांचें करावें.

दुसरी गोष्ट रंगाची. नारिंगी गराच्या रताळ्यांत कॅरोटीन असतें व शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करितें. हें जीवनसत्त्व कमी पडलें म्हणजे मुलांस रातांधळेपणा येतो. आफ्रिकेंत अशीं रताळीं लोकांच्या आहारांत रुजविण्याच्या कामाचा २०१६ च्या जागतिक अन्न पारितोषिकानें गौरव झाला. कॅरोटीन अंगीं लागण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. तुपाची फोडणी येथें उपयोगी पडते. पांढऱ्या गरांत मात्र कॅरोटीन नांवापुरतेंच असतें. साल तांबडी म्हणजे गरही रंगीत असें नव्हे, हें चिरून पाहावें. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेनें काढलेली ‘भू सोना’ ही जात नारिंगी गराची आहे. अशा जातीचे वेल मिळाल्यास घरच्यापुरता एखादा वाफा लावून पाहावा.

पुढील काढणीस गाडी भरण्यापूर्वीं एक टोपली घरासाठीं बाजूस काढावी. बाजारांत ज्या रताळ्यास भाव नाहीं, त्यास घरच्या मुलांच्या ताटांत मोल आहे.