मागे पडलेली प्रत

समजा, चेन्नईजवळील आवडी येथे एका ग्राहकाने बँकेत पाच हजार रुपये भरले. ही नोंद मुख्य सर्व्हरवर तत्काळ होते. दुय्यम सर्व्हरवर तिची प्रत किंचित उशिरा पोहोचते. मुख्य सर्व्हर बंद पडल्यास हीच प्रत कामी येते. मात्र ती मागे राहिली असेल, तर भरलेली रक्कम खात्यात दिसणार नाही.

नोंदींचा अचानक वाढलेला ओघ, संथ नेटवर्क आणि दुय्यम सर्व्हरची अपुरी क्षमता ही या विलंबाची प्रमुख कारणे होत. म्हणून नोंद कोठे अडली, हे प्रथम शोधावे. ती मुख्य सर्व्हरवरून निघाली का? दुय्यम सर्व्हरवर पोहोचली का? पोहोचूनही लिहिली जायची राहिली आहे का? निदान होईपर्यंत काहीही पुसू नये.

या सावधगिरीचे मोल गिटलॅब या कंपनीच्या अनुभवावरून कळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील दुय्यम सर्व्हर मागे पडला. नवी प्रत करण्यासाठी एका अभियंत्याने त्यावरील जुनी माहिती पुसण्याची आज्ञा दिली. परंतु ती गेली मुख्य सर्व्हरला! चूक क्षणात ध्यानात आली, तरी सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले. नेहमीच्या राखीव प्रतीही निरुपयोगी ठरल्या. अन्य कामासाठी सहा तासांपूर्वी काढलेल्या एका प्रतीने कंपनीला तारले. त्यानंतरच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हा सारा वृत्तांत उघडपणे प्रसिद्ध केला.

पाठगत प्रश्न
१. प्रत मागे पडण्याची तीन कारणे लिहा.
२. राखीव प्रत वेळोवेळी तपासणे का आवश्यक आहे?