कर आणि यज्ञभाव

दान स्वेच्छेचे असते, कर सक्तीचा असतो. म्हणून दानात पुण्य आहे आणि करात नुसता भुर्दंड, अशी समजूत पुष्कळ सत्प्रवृत्त माणसांच्या मनातही घर करून असते. अन्नछत्राला मुक्तहस्ताने देणारा व्यापारी विक्रीच्या दोन वह्या ठेवतो आणि त्यात त्याला काही विसंगती वाटत नाही. या समजुतीची परीक्षा गीतेच्या तिसऱ्या अध्यायापासून करावयास हवी.

देवांनी दिलेले भोग त्यांना काही न अर्पिता जो भोगतो, त्याला तेथे भगवंतांनी कृपण म्हटलेले नाही, ‘स्तेन’ म्हटले आहे. शब्द कठोर आहे, पण नेमका आहे. कृपण स्वतःचे राखून ठेवतो, चोर दुसऱ्याचे. म्हणजे जे परत द्यावयाचे, ते मुळात आपले नव्हतेच. श्लोकात निर्देश देवांचा आहे, राज्याचा नाही, हे खरे. तथापि अन्न, पर्जन्य, यज्ञ आणि कर्म यांचे जे चक्र पुढे सांगितले आहे, त्याचे तत्त्व व्यवहारालाही लागू पडते. रस्ता, पाटाचे पाणी, न्यायासन, सरहद्दीवरील पहारा यांच्या आधाराने झालेल्या मिळकतीत समाजाचा अंश आधीच मिसळलेला असतो.

मग सक्ती कशाला? न देणाऱ्याचा भार देणाऱ्यावर पडू नये म्हणून. सक्तीमुळे यज्ञभाव नाहीसा होतो, असेही नाही. सतराव्या अध्यायात कष्टी मनाने दिलेले दान राजस ठरविले आहे आणि द्यावयाचे म्हणून दिलेले सात्त्विक. एकच रक्कम दोघे भरतात. एक दंड म्हणून, दुसरा कर्तव्य म्हणून. कायद्याला हा भेद दिसत नाही, दिसण्याचे कारणही नाही.

परंतु घेणाऱ्यालाही धर्म आहे. मनूने धान्याचा सहावा, आठवा किंवा बारावा भाग, पशू व सुवर्ण यांचा पन्नासावा भाग, अशी मर्यादा घातली. जळू, वासरू आणि भ्रमर यांच्याप्रमाणे थोडेथोडे घ्यावे, असे सांगितले. रक्षण न करता कर घेणाऱ्या राजाला नरकाचा धाक घातला. आजच्या राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदानुसार कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता वा वसूल करता येत नाही.

कर अन्याय्य असेल तर काय करावे, हा प्रश्न खरा अवघड. सरकार उधळपट्टी करते, म्हणून आपण लपवितो, असे म्हणणारे थोडे नाहीत. त्यांनी बारडोलीकडे पाहावे. मुंबई सरकारने सुरत जिल्ह्यातील त्या तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा देण्याचे नाकारले. जुना सारा पूर्ण भरणा म्हणून स्वीकारा, नाही तर निःपक्षपाती चौकशी करा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी खोटा हिशेब दाखविला नाही. नकार उघड दिला, आणि त्यापायी गुरेढोरे जप्त झाली, जमिनी सरकारजमा झाल्या, तेही सोसले. कर चुकविणारा मात्र लाभ स्वतःकडे ठेवतो आणि यातना टाळतो. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तडजोड होऊन चौकशी नेमली गेली, आणि सरकारच्याच अधिकाऱ्यांनी योग्य वाढ ठरविली ती सुमारे ६ टक्क्यांची.